डावी पाकळी

मला मुंग्यांची भीती वाटते. साप निघाला तर मी आधी काठी शोधते आणि मग ओरडते. विंचू तर माझ्या चपलेखाली किती गेले त्याची गणती नाही. पण भिंतीवरून मुंग्यांची रांग चालली की हातातलं काम खाली राहतं. घरातले हसतात. नातसून म्हणते, आजी पाटलाला भ्याल्या नाहीत आणि मुंगीला भितात. मी म्हणते, हसा बाई. तुम्हाला ती रांग दिसली नाही म्हणून हसताय.

ती रांग मी लढाईच्या सालात पाहिली. दुसरी मोठी लढाई चालू होती, रॉकेल आणि कापड चिठ्ठीवर मिळायचं. माझा नवरा पलटणीत भरती होऊन गेला होता आणि सासरच्यांनी मला माहेरी आणून सोडलं होतं. खाणारं एक तोंड कमी, एवढाच त्यांचा हिशेब. माहेर म्हणजे बेलापूर आणि नेवाशाच्या मधलं प्रवरेकाठचं गाव. मी अठरा वर्षांची. आई आधीच गेलेली, घरात मी आणि आबा. आम्ही जातीचे गुरव. गावच्या भैरोबाची पूजा पिढ्यान् पिढ्या आमच्याकडे होती, आणि पूजेबरोबर कौल लावायचं कामही.

कौल म्हणजे काय ते आता समजावून सांगावं लागतं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली केलेली एकेक पाकळी चिकटवायची. विचारणाऱ्याने मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं आणि समोर बसून राहायचं. देवाच्या उजव्या खांद्यावरची पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. मुलगी कुठे द्यायची, विहीर कुठे खणायची, भावाशी बोलायचं की नाही, सगळं गाव त्या दोन पाकळ्यांना विचारायचं. त्यातली खरी सोय मला फार पुढे कळली. कौल पडल्यावर बरं होवो की वाईट, कुणी कुणाला बोल लावायचा नाही. देवाने सांगितलं, आपण केलं, संपलं.

बाईमाणसाने गाभाऱ्याचा उंबरा ओलांडायचा नाही. मी बाहेर बसून ताट लावायची. कण्हेरीच्या पाकळ्या निवडायच्या, वाटीतल्या पाण्यात बुडवायच्या, ताटाच्या उजवीकडे उजवी, डावीकडे डावी. आबा ताट आत नेत आणि पाकळ्या लावत. पण दोन वर्षांपासून आबांचे हात कापायला लागले होते. खांद्यापर्यंत नेता नेताच पाकळी खाली पडायची, आणि बसलेले लोक एकमेकांकडे बघायचे. मला आबांची कीव यायची आणि लोकांचा संताप. एक दिवस मी वाटीतल्या पाण्यात गुळाचा खडा विरघळवला. दोन्ही पाकळ्यांना सारखंच पाणी. त्या चटकन चिकटल्या, जरा उशिरा का होईना पण पडल्या, आबांची लाज राहिली. दोन्हीकडे सारखं म्हणजे यात खोटेपणा नाही, अशी मी माझी समजूत घातली. आबांना मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

मला मैत्रीण एकच होती. लहानपणी आम्ही गोवऱ्या थापायलाही जोडीने जायचो. तिला गावातच दिली होती, मळ्यातल्या मोठ्या घरात. तिच्या सासूला सारा गाव काकी म्हणायचा. काकी विधवा, पण चार बैल, विहीर, गडी, सगळं एकटीने सांभाळायची, आणि तिचा आवाज चढला की शाळेतले मास्तरसुद्धा खडू खाली ठेवायचे. मुलगा आईच्या शब्दाबाहेर नाही. सुनेला मात्र काकीने कधी उपाशी ठेवलं नाही की हात लावला नाही, हे मी आधीच सांगून ठेवते.

त्या वर्षी मैत्रिणीला आठवा महिना लागला आणि तिचे पाय सुजले. शेजारच्या गावी मिशनचा लहानसा दवाखाना होता. तिथल्या नर्सबाई आठवड्यातून एकदा चालत आमच्या गावाला यायच्या. ख्रिस्ती, पण बोलणं आमच्यातलंच; त्यांचे आजोबा पलीकडच्या वाडीतून बाटले होते. त्यांनी मैत्रिणीच्या घोट्याजवळ अंगठा दाबून उचलला, तर खड्डा तसाच राहिला. मी शेजारीच बसले होते. माझी नजर त्या खड्ड्यावरून हलेना.

"काकी, हिला नगरच्या दवाखान्यात न्या," नर्सबाई म्हणाल्या. "डोकं दुखतंय म्हणते, डोळ्यापुढं काजवे चमकतात म्हणते. झटके आले तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"नगरला?" काकी म्हणाली. "बेलापूरच्या ठेसनापातूर बैलगाडी, तितून आगगाडी. आठव्या म्हयन्यात? आन् वाटंत काय झालं, तर त्याचा जाब कुनी द्यायचा?"

"आणि इथं काही झालं तर?"

 काकी पदराची कड चाचपत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुज्या बाला सांग. उद्या सकाळी द्येवाला इच्यारते."

संध्याकाळी मैत्रिणीने मला गोठ्यामागे बोलावून घेतलं. चेहरा सुजलेला, डोळे बारीक झालेले. तिने माझं मनगट असं धरलं की बांगडी आत रुतली.

"ताट तूच लावतीस न्हवं?" ती म्हणाली. "डावा पाड."

मी म्हटलं, असं कुठे असतं होय, कौल देव देतो.

"मला नगं शिकवू. गुळाचा वास येतुया पाकळीला, मला ठावं हाय. म्या कुनाला बोलले न्हाई." तिला श्वास पुरत नव्हता. "मला न्हाई जायाचं. माजी मावशी गेल्ती त्या दवाखान्यात, माघारी आली न्हाई. तितं पोट फाडत्यात. मरायचं तर हितं मरीन, माज्या मानसांत. एवढं कर माज्यासाठी."

मी बघते म्हणाले. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. भित्र्या माणसाचा हा आवडता शब्द आहे, बघते.

त्या रात्री मी दोन गोष्टींना भीत होते. देवाला, आणि त्या घोट्याजवळच्या खड्ड्याला. सकाळी खड्डा जिंकला. मी दोन वाट्या घेतल्या. एकीत साधं पाणी, एकीत गुळाचं, नेहमीपेक्षा दाट. उजवी पाकळी साध्या पाण्यात बुडवली. डावी हातात धरून मी दोन्ही वाट्यांवर थांबले. किती वेळ ते सांगता येत नाही, आबांनी आतून हाक मारली, "झालं का गं पोरी?" एवढं आठवतं. मला कुणी ढकललं नाही. कुणी कानात सांगितलं नाही. हात माझा होता आणि तो मी गुळाच्या वाटीत घातला.

काकी उंबऱ्याबाहेर बसली होती, मुलगा मागे उभा. मैत्रीण खांबाला टेकून, माझ्याकडे बघत. तिला वाटत होतं मी तिचं ऐकलं आहे; तिच्या चेहऱ्यावर तशी निर्धास्ती होती. काकीने गाऱ्हाणं घातलं, "सूनंला नगरला न्यायची म्हंते, तुजी मर्जी आसंल तर उजवी दे." आबांचे हात त्या दिवशी फारच कापत होते. पाकळ्या लागल्या. दहा आकडे मोजावेत इतका वेळ गेला असेल. उजवी सुटली आणि देवाच्या पायाशी पडली.

काकीने जमिनीला डोकं टेकलं.  मैत्रीण माझ्याकडे बघत राहिली, आणि मी ताटाकडे. दोन तासांत गाडी जुंपली. खाली कडब्याच्या पेंढ्या, वर गोधडी, त्यावर ती, शेजारी काकी, हाकायला मुलगा. चढताना तिने एकदाच मागे वळून पाहिलं. मी देवळाच्या खांबाआड होते. आजही मला तिच्या नजरेपेक्षा माझं ते आड होणं जास्त आठवतं.

डावी पाकळी काही पडेना. दुपार झाली, ती तशीच. दिवस कलला तेव्हा आबा पूजेला आत गेले आणि आतच थांबले. मी उंबऱ्यातून डोकावले. देवाच्या पायापासून छातीवरून खांद्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. शेंदरावर काळी बारीक रेघ, हलणारी. पाकळीभोवती त्यांचा घोळका.  मला वाटलं, देव मला दाखवतो आहे. माझं नाव लिहितो आहे आपल्या अंगावर.

आबांनी ओल्या फडक्याने मुंग्या पुसल्या. पाकळी नखाने काढली, नाकाशी नेली, आणि धोतराच्या सोग्यात बांधली. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "आजपासून कौल बंद. माजा हात ऱ्हात न्हाई." मी ते बोलतील, मारतील, म्हणून वाट पाहिली. त्यांनी त्यानंतर मरेपर्यंत या गोष्टीचा एक शब्द काढला नाही. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

चौथ्या दिवशी निरोप आला. वाटेत गाडीतच झटके सुरू झाले होते. दवाखान्यात पोटावर शस्त्र चालवून मूल काढलं, मुलगी झाली. मैत्रीण शुद्धीवर आली नाही. दुसऱ्या दिवशी गेली.

काकी मुलीला कापसात गुंडाळून घेऊन आली. सगळं गाव मळ्यात लोटलं. आबांना बघून काकी म्हणाली, "तुमचा काय दोस? द्येवानं सांगितलं, आमी नेली. त्येची मर्जी." लोकांनी माना डोलावल्या. झाडाचं पान त्याच्या मर्जीशिवाय हलत नाही, असंही कुणीतरी म्हणालं. मी त्या वाक्याला धरून बसले. पान हलत नाही, तर माझा हात तरी कसा हलेल? गूळ त्यानेच घालायला लावला असेल. मैत्रिणीचं आयुष्य तेवढंच असेल. पंधरा दिवस मी हे घोकलं. पण डोळा लागायला आला की दोन वाट्या दिसायच्या आणि त्यांच्यावर थांबलेला हात. देवाने करवलं असतं तर हात थांबला कशाला असता? आणि त्याने करवलं नसेल, तर ज्याच्याआड लपावं असं कुणीच नव्हतं. ही भीती मुंग्यांच्या भीतीपेक्षा मोठी होती. अन्न जाईना, मी वाळायला लागले.

शेवटी मी नर्सबाईंना गाठलं. त्या नदीच्या उतारावर हात धूत होत्या. मी सगळं सांगितलं, डावा पाड म्हणाली होती तेसुद्धा. हे शेवटचं मी फक्त त्यांनाच सांगितलं. 

"घरी ठेवली असती तर वाचली असती का?" मी विचारलं.

"माझ्या अंदाजानं दोघीही गेल्या असत्या. पण अंदाजच तो. शपथेवर मला सांगता येणार नाही." मग म्हणाल्या, "आमच्यात शिकवतात, देवानं माणसाला मोकळं सोडलंय. दावं बांधलं नाही. म्हणून तर जाब द्यावा लागतो."

मोकळं सोडलेलं जनावर मी पाहिलं होतं. ज्याच्या त्याच्या शेतात शिरतं आणि गावभर काठ्या खातं. मी म्हटलं, "असला मोकळेपना काय कामाचा, बाई? ह्याच्यापरीस दावं बरं."

त्या हसल्या नाहीत. "मलाही भीती वाटते गं," त्या म्हणाल्या. "न्या म्हणून मीच सांगितलं होतं. गाडीत झटके आले हे ऐकल्यापासून मी प्रार्थनेला बसते आणि शब्द फुटत नाहीत. पण माझं सांगणं मी देवाच्या गळ्यात घालणार नाही. तूही घालू नको. काकीला खरं काय ते सांग."

मी महिनाभर टाळलं. मग एका सकाळी मळ्यात गेले. काकी ओट्यावर पाय पसरून बसली होती, पायांवर मुलगी, तेलाने चकचकीत. काकी इतकी वाळली होती की तिचा आवाजच उरला नव्हता. मी उभ्या उभ्याच बोलले, कारण बसले असते तर बोलले नसते. गूळ, दोन वाट्या, उजवी, डावी. काकीचे हात मुलीच्या छातीवर थांबले.

"मंग त्या दिवशी म्या कुनाला इच्यारलं गं?" ती म्हणाली.

मी मुलीकडे पाहिलं.

"म्या द्येवाला इच्यारलं, आन् जबाब दिलास तू." ती ओरडली असती तर मी सोसलं असतं. ती हळूच बोलत होती. "द्येवाची मर्जी म्हनून मी भाकर खात हुते. दोन घास का हुईना, खात हुते. आता काय म्हनून खाऊ?"

मुलगी रडायला लागली. काकीने तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि थोपटत राहिली. मी तिथून निघायला हवं होतं. पाय निघत नव्हते. मग काकीने एकाएकी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात मला तिची भीती दिसली. सगळ्या गावाला दरडावणारी ती बाई माझ्या उत्तराला घाबरत होती.

"आदल्या सांच्याला तुमी दोगी गोठ्यामागं बसला हुता. म्या बगितलं हुतं," ती म्हणाली. "तुला बोलली आसंल ती. तिला जायाचं हुतं न्हवं?"

खरं सांगायलाच मी आले होते. अर्धं सांगून झालं होतं, अर्धं जिभेवर होतं. ती जाणार नाही म्हणत होती, काकी. माझं मनगट धरून म्हणत होती. एवढंच म्हणायचं होतं.

"व्हय काकी," मी म्हणाले. "तिला जायाचं हुतं. लेकरासाठी."

लेकरासाठी हा शब्द कुणी मागितला नव्हता. तो मी माझ्या पदरचा घातला.

काकीने डोळे मिटले आणि सून गेल्यापासून पहिल्यांदा रडली. रडता रडता म्हणाली, "मंग बरं झालं. मंग तू तिचंच ऐकलंस की गं." तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तेलाचा हात. मी घरी येऊन राखेने केस धुतले तरी त्या तेलाचा वास जाईना.

काकी पुढे चांगली जगली. दुसऱ्या दिवसापासून आवाज चढायला लागला, आणि ती गड्यांवर ओरडताना ऐकून मला बरंही वाटलं, हे लपवत नाही. लढाई संपली, माझा नवरा परत आला, मी सासरी गेले. आबा वारले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एका चिंधीत बांधलेली वाळकी पाकळी निघाली. मी ती प्रवरेत सोडली.

त्या मुलीला काकीने एकच गोष्ट सांगून वाढवलं. तुझी आई आपल्या मनाने गाडीत बसली, तुझ्यासाठी. मुलगी शिकली, मास्तरीण झाली, आता नगरला, सावेडीत, मुलाजवळ राहते, स्वतःच आजी झाली आहे. दर दिवाळीला माझ्याकडे येते, वाकून नमस्कार करते आणि विचारते, "मावशी, आई शेवटी काय म्हणाली होती?" तिला पाठ आहे, तरी विचारते. आणि मी सांगते. दर वर्षी सांगते. आईने आपल्यासाठी जीव दिला, या एका गोष्टीवर ती उभी राहिली. तिच्या पोरांनाही तिने तेच सांगितलं. ज्या बाईला तिच्या जन्ममरणाचं कुणीच विचारलं नाही, आणि जिने सांगितलं ते मी ऐकलं नाही, ती त्या घरात आपल्या मनाने गेलेली म्हणून पुजली जाते. गूळ मी भीतीपोटी घातला, पण तिला जगवायला घातला. 'व्हय' म्हणाले ते कुणासाठी, याचं उत्तर मला धड देता येत नाही.

यंदा तिने, मी हे सगळं लिहिते आहे ती वही माझ्या हातात पाहिली. म्हणाली, "पुरी झाली की आधी मला द्या. आईबद्दल असेलच ना त्यात?" मी बघते म्हणाले.

आता वही पुरी झाली आहे आणि माझे हात आबांसारखे कापतात. तिला द्यावी की चुलीत घालावी, ठरत नाही. विचारावं तर कौल लावायला आबा नाहीत. आणि असते तरी ताट मीच लावलं असतं.